मी पुन्हा लग्न केलं म्हणून लेकीची पोटगी थांबते का?

मानेवाड्याची_आई
नमस्कार. तीन आठवडे हा धागा काढू की नको असं चाललं होतं, आज लिहून टाकते.

२०१९ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. अटी अशा ठरल्या: मला एकरकमी चार लाख, आणि लेकीला अठरा वर्षांची होईपर्यंत महिन्याला ७,०००. खोटं कशाला बोलू, सहा वर्षं त्यांनी पैसे दिले. पाच-सात तारखेला खात्यात यायचे. कधी उशीर झाला तर आधी फोन यायचा.

या फेब्रुवारीत मी दुसरं लग्न केलं. एप्रिलपासून पैसे बंद. विचारलं तर मेसेज आला, "आता तुझ्या घरी कमावता माणूस आहे. लेक त्याच्या घरी राहते, त्याने बघावं." त्यांचं स्वतःचं दुसरं लग्न २०२२ मध्येच झालं आहे, दोन वर्षांचा मुलगा आहे. तेव्हा मी एका शब्दाने काही म्हटलं नव्हतं.

लेक आता सहावीत आहे. शाळेची फी ६२,०००, व्हॅनचे महिन्याला १,८००, शिवाय गणित-इंग्रजीची शिकवणी. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, पगार १६,०००.

त्यांना असे परस्पर पैसे थांबवता येतात का? मी वाढ मागायला गेले तर उलट आहे तेच रद्द होईल का? आणि एक प्रश्न कायद्याचा नाही. आमचे मिस्टर म्हणतात, "सोड ना, मी आहे. कशाला त्याच्या दारात जायचं?" त्यांचं मन मोठं आहे. पण मला आत कुठेतरी ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही.

तर्रीपोहे
ताई, लग्न तुम्ही केलं, पोरीनं नाही. तिचा बाप काऊन बदलंन बाप्पा? कायदा जाणकार सांगतील, पण मागे हटू नका.

कामठी_रोड
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माणसाने सहा वर्षं इमानदारीने पैसे दिले. आता त्याच्याही घरी लहान लेकरू आहे आणि इकडे दोन पगार झाले. परिस्थिती बदलली की जबाबदारीही बदलायला नको का? कोर्टात गेलात तर पैसा वकिलाकडे जाईल आणि बाप-लेकीत जो काही गोडवा उरला आहे तोही जाईल. एकदा समोरासमोर बसा, तीन-चार हजारांवर मिटवा.

मानेवाड्याची_आई
@कामठी_रोड, राग नाही दादा. पण समोर बसायला तेच तयार नाहीत. दोनदा निरोप दिला.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
ताई, मी नागपुरातच कौटुंबिक प्रकरणं चालवते. तुमची कागदपत्रं पाहिलेली नाहीत, तेव्हा मोघम पण नेमकं सांगायचा प्रयत्न करते.

तुमच्या हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशात, दोन वेगळ्या माणसांचे दोन हक्क आहेत. तुमचा हक्क चार लाखांत संपला. लेकीचा चालू आहे. पुनर्विवाहाचा फटका बसतो तो बायकोच्या पोटगीला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(३) प्रमाणे तिने पुन्हा लग्न केलं तर कोर्ट तिची पोटगी बदलू किंवा रद्द करू शकतं. लेकरासाठी असं कलम कुठेही नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याचं कलम २० मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी बाप आणि आई दोघांवर टाकतं. ती जन्मदात्यांवर आहे, आईच्या नव्या नवऱ्यावर नाही. "त्याने बघावं" या वाक्याला कायद्यात आधार नाही.

परस्पर थांबवता येतं का? नाही. त्यांना रक्कम झेपत नसेल तर त्यांनी कोर्टात अर्ज करायचा, आणि आदेश बदलेपर्यंत जुना आकडा देत राहायचं. एप्रिलपासूनचे सगळे हप्ते थकबाकी आहे. तुमची अट हुकूमनाम्यात असल्यामुळे वसुलीची दरखास्त, म्हणजे आदेश अंमलात आणण्याचा अर्ज, टाकता येते. त्यात जप्ती, पगारातून कपात असे मार्ग आहेत.

ज्यांचा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगते, कारण असे पुष्कळजण हा धागा वाचत असतील. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे, आणि रक्कम बदलण्याचं जुनं १२७ आता १४६ आहे. त्यात वॉरंटने वसुली मागायची असेल तर हप्ता देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देतील, देतील" म्हणत बायका दोन-दोन वर्षं थांबतात आणि जुने महिने हातचे जातात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पहिल्या भेटीत आधी तारखाच विचारते.

वाढ मागता येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण याबद्दलचा आदेश हुकूमनाम्यानंतरही बदलता येतो. १९५६ च्या कायद्याचं कलम २५ हेच सांगतं: परिस्थितीत फरक पडला तर रक्कम बदलेल. पाच वर्षांच्या मुलीचा खर्च आणि सहावीतल्या मुलीचा खर्च हा फरकच आहे. तुमचा अर्ज गेला म्हणून लेकीचे पैसे रद्द होतील ही भीती मनातून काढा.

कामठी_रोड
मॅडम, मग त्याच्या दुसऱ्या मुलाचं काय? त्याचा हक्क नाही का?

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
आहे, आणि कोर्ट तो मोजतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर कलकत्ता उच्च न्यायालयाचं एक प्रकरण होतं. तिथे नवऱ्याचं दुसरं लग्न आणि त्यातलं मूल लक्षात घेऊन २३,००० ची रक्कम २०,००० केली गेली. ती रक्कम पत्नी आणि मुलगा दोघांच्या पोटगीची होती. विचार कसा होतो ते कळावं म्हणून सांगितलं. तीन हजार कमी झाले, शून्य नाही झालं. आणि ते कोर्टाने केलं, नवऱ्याने मोबाइलवर मेसेज टाकून नाही.

बुटीबोरी_शिफ्ट
मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पहिला मुलगा त्याच्या आईजवळ वर्ध्याला असतो. ९,००० चा आदेश होता, जुन्या १२५ खाली. २०१८ मध्ये मी दुसरं लग्न केलं, मुलगी झाली. २०२० मध्ये कंपनीत शिफ्टा कमी झाल्या, हातात येणारा पगार जवळजवळ निम्मा. मी काय केलं? चार महिने पैसेच पाठवले नाहीत. मनाची समजूत अशी घातली की कोरोनात कोण विचारतं. पाचव्या महिन्यात वसुलीचा अर्ज आला. वकिलाने सांगितलं, प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मित्राकडून उसने घेऊन भरले.

मग रीतसर अर्ज केला. आधीच्या आणि नंतरच्या पगाराच्या पावत्या, कंपनीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, सगळं जोडलं. घराचा हप्ताही दाखवला, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. घर मी माझ्या मर्जीने घेतलं, मुलाने थोडंच घ्यायला सांगितलं होतं? आदेश व्हायला चौदा महिने लागले, ९,००० चे ६,५०० झाले. आता पगार परत वर आला, त्याच्या आईने वाढीचा अर्ज केला, ११,००० झाले. देतो.

ताई, तुमच्या आधीच्या यजमानांना खरंच झेपत नसेल तर हा रस्ता त्यांनाही मोकळा आहे. पण "माझ्याही घरी लेकरू आहे" हे मी पण म्हणत होतो आणि म्हणताना मला आत माहीत होतं की मी माझ्या मुलीला ढाल करून तिच्या भावापुढे उभी करतो आहे. त्या चार महिन्यांत मुलाच्या बुटांचा तळ निघाला होता. त्याने मला फोनवर सांगितलं नाही. त्याच्या आजीने सांगितलं.

तर्रीपोहे
भाऊ, मनातलं लिहिलं.

तुळशीबाग_महाल
मी कोणाची तरी "दुसरी बायको" आहे, तेव्हा तिकडचंही ऐका.

लग्नाआधी मला एवढंच सांगितलं होतं की "थोडे पैसे पाठवावे लागतात". किती, कधीपर्यंत, काही नाही. लग्नानंतर आकडा कळला, १०,०००. दर महिन्याला ते जाताना दिसले की माझा जीव जळायचा, आणि जळायचा याची लाजही वाटायची. एकदा माझ्या बाळाच्या ऑपरेशनच्या महिन्यात मी नवऱ्याला म्हटलंच, या महिन्यात नका पाठवू. ते म्हणाले, "तिकडेही माझंच आहे." दोन दिवस मी बोलले नाही. नंतर मीच एक वेगळं खातं काढायला लावलं. पगार झाला की त्यात पैसे आपोआप वळतात आणि पाच तारखेला तिकडे जातात. ते पैसे आपल्या घरचे नाहीतच, असं धरून आम्ही बाकीचा हिशोब मांडतो. तेव्हापासून घरात त्यावरून शब्द नाही.

घटस्फोटित माणसाशी लग्न ठरत असेल तर मुलींनो, आधी हुकूमनामा वाचायला मागा. पत्रिका नंतर.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
शेवटच्या दोन वाक्यांना माझं पूर्ण अनुमोदन.

दिघोरी_टी_पॉइंट
एवढी कटकट कशाला? नव्या मिस्टरांनी मुलीला कायदेशीर दत्तक घ्यावं. नाव, गाव, खर्च, सगळं एका घरात. विषय संपला.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
विषय खरंच संपेल, म्हणूनच घाई करू नका. सावत्र वडिलांना दत्तक घेता येतं, पण जन्मदात्या वडिलांची संमती लागते. आणि एकदा दत्तकविधान झालं की १९५६ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मूल सर्व अर्थांनी दत्तक घेणाऱ्या घरचं होतं, आधीच्या बाजूचं नातं कायद्याने तुटतं. त्या वडिलांकडून पोटगी नाही, पुढे त्यांच्या मिळकतीत मुलगी म्हणून वारसाही नाही. आज आईने कितीही लग्नं केली तरी ही लेक आपल्या वडिलांची पहिल्या वर्गातली वारस आहे. काही घरांत दत्तक हा फार सुंदर निर्णय ठरतो. पण सात हजारांची कटकट नको म्हणून घ्यायचा तो निर्णय नाही.

वर्धारोड_मेट्रो
थोडं अवांतर. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे कोणाचं नाव लिहिता? आमच्या भाचीच्या शाळेत क्लार्कने वर्गासमोर विचारलं, "तुझे पप्पा नक्की कोणते?" पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही.

मानेवाड्याची_आई
@वर्धारोड_मेट्रो, वडिलांच्या जागी वडिलांचंच लिहिते. पालक म्हणून सही मी करते. लेक आमच्या मिस्टरांना "काका" म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, तुला जे म्हणावंसं वाटेल ते म्हण.

खामल्याचा_काका
हे वाचून राहवलं नाही. मीही काकाच आहे, सात वर्षं झाली. वहिनी, हा निरोप तुमच्या मिस्टरांसाठी.

दादा, मलाही सुरुवातीला ते पैसे टोचायचे. महिन्याला ५,००० यायचे आणि मला वाटायचं, माझ्या घरात माझ्या ताटात जेवणाऱ्या पोराचे पैसे दुसरा माणूस देतो म्हणजे मी कमी पडतो. एकदा बायकोला म्हणालो, परत कर. ती म्हणाली, "ते तुला नाही दिलेले, मलाही नाही. ते त्याचे आहेत, आपण कोण परत करणारे?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. आता ते पैसे मुलाच्या नावच्या खात्यात जातात. निम्मी फी त्यातून जाते, उरलेल्याचं आवर्ती ठेव खातं आहे. पोराला पासबुक वाचता येतं. तो माझ्याबरोबर सायकलवर फुटाळ्याला येतो आणि त्याला हेही माहीत आहे की त्याचे बाबा दर महिन्याला त्याची आठवण ठेवतात. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

दिघोरी_टी_पॉइंट
मुलगी आहे तर सुकन्या समृद्धी उघडा की.

बुटीबोरी_शिफ्ट
@दिघोरी_टी_पॉइंट, ते खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. ताईंची लेक सहावीत आहे, वेळ गेली. पोस्टातली साधी आवर्ती ठेव बरी.

निळी_छत्री
मी या धाग्यातली "लेक" आहे. म्हणजे तशीच एक. आज सव्वीस वर्षांची.

मी नऊ वर्षांची असताना आईने दुसरं लग्न केलं. बाबांनी त्याच महिन्यात पैसे थांबवले. आई स्वाभिमानी, तिने मागितले नाहीत. "आपल्याला कोणाचं काही नको." मला मोठ्यांचं काही सांगितलं गेलं नाही, पण नऊ वर्षांच्या मुलीला कान असतात. मला समजलं ते असं की आईचं लग्न झालं तेव्हा बाबांनी माझं नाव खोडलं. पैशाची किंमत मला कळत नव्हती. पण काहीतरी दर महिन्याला यायचं आणि आता येत नाही, एवढं कळत होतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला फी अडली तेव्हा माझ्या काकांनी, म्हणजे आईच्या दुसऱ्या मिस्टरांनी, हिंगण्याकडचा प्लॉट विकला. त्यांच्या निवृत्तीसाठी ठेवलेला. माझ्या बाबांना हे आजही माहीत नाही. अठरा झाले म्हणजे माझा हक्क संपला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. काळा कोट मॅडम, तो खरंच संपला होता का?

ताई, तुम्ही म्हणालात ना, का पटत नाही ते सांगता येत नाही. मला वाटतं तुमच्या लेकीचं नाव कोणी खोडू नये म्हणून पटत नाही.

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
@निळी_छत्री, संपला नव्हता. १२५ खाली साधारणपणे सज्ञान होईपर्यंत मिळतं. पण १९५६ च्या कायद्याचं कलम २० अविवाहित मुलीला, ती स्वतःचं भागवू शकत नसेल तर, लग्न होईपर्यंत हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२० च्या निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. अठराव्या वाढदिवसानंतर मार्ग बदलतो, मुलीसाठी दार बंद होत नाही. तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा.

कामठी_रोड
@निळी_छत्री, ताई, मी वर तीन-चार हजारांवर मिटवा असं लिहिलं होतं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दोन मोठी माणसं आणि एक आकडा एवढंच होतं. मागे घेतो. कोर्टाआधी एकदा बोलून बघावं हे मात्र अजूनही म्हणेन.

रामटेकचे_आजोबा
कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर बोलणं होतं. आमच्या नातवाच्या वेळी तसंच झालं. आकडा एका बैठकीत नाही ठरला, तिसऱ्या बैठकीत ठरला. मुख्य म्हणजे सुनेने आधीच्या सगळ्या पैशांची वही ठेवली होती, त्यामुळे "मी रोख दिले होते" हा वाद पाच मिनिटांत मिटला. रोख घेऊ नये आणि देऊही नये.

मानेवाड्याची_आई
सगळ्यांचे आभार. @खामल्याचा_काका, तुमचा निरोप मिस्टरांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. सकाळी डबा भरताना म्हणाले, "जा तू वकिलाकडे, मी सुट्टी काढतो."

एक विचारायचं राहिलं, वकिलाची फी कितपत जाईल?

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
खासगी वकील नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाताना हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, संमतीच्या अटी, २०१९ पासूनचं पासबुक आणि तो मेसेज घेऊन जा. मेसेज पुसू नका.

आणि एक. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. आपल्या गावासाठी विशेष म्हणजे ते प्रकरण नागपूरच्याच कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं. त्यात मुलाचे ५,००० पुढे १०,००० केलेले होते. त्याच निकालात म्हटलं आहे की मुलांच्या खर्चात खाणं, कपडे, राहणं, औषधपाणी, शिक्षण, शिकवणी हे सगळं येतं. शिक्षणाचा खर्च सहसा वडिलांनी करावा, पण आईची कमाई पुरेशी असेल तर दोघांत प्रमाणात वाटला जाऊ शकतो. म्हणून तुमचे १६,००० लपवू नका. नव्या संसारात तुमचा घरखर्च वाटला गेला हा मुद्दा समोरचे मांडतील, मांडू द्या. लेकीचा खर्च वेगळा लिहून काढा, महिन्याचा आणि वर्षाचा.

मानेवाड्याची_आई
दोन महिन्यांनी लिहिते आहे. कोणी वाट पाहत असेल तर माफ करा.

प्राधिकरणाकडून वकील मिळाल्या, तरुण आहेत, नीट ऐकून घेतात. आधी नोटीस पाठवली. नोटीस मिळाल्यावर चौथ्या दिवशी एप्रिल आणि मेचे १४,००० खात्यात आले. बाकीचे नाही. दरखास्त आणि वाढीचा अर्ज दोन्ही दाखल झाले, पहिल्या पेशीला ते आले होते. समुपदेशकांसमोर म्हणाले, ७,००० देतो, वाढ नाही. मी १३,००० मागितले आहेत. पुढची पेशी दिवाळीनंतर आहे.

तान्ह्या पोळ्याला ते दरवर्षी यायचे, लेकीचा लाकडी नंदी त्यांनीच इतवारीतून आणून दिला होता. या वर्षी आले नाहीत. आदल्या रात्री मात्र तिला फोन आला, नंदीचं शिंग तुटलं होतं ते चिकटवलं का विचारायला. काकांनी चिकटवलं म्हणून तिने सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग म्हणाले, रंगाचा डबा पाठवतो. पाठवला.

आता शपथपत्राचा नमुना भरायला बसले आहे आणि एका जागी अडले. व्हॅनवाले दादा पावती देत नाहीत, वहीत सही करतात. ते चालेल का?

काळा_कोट_सिव्हिल_लाइन्स
चालेल. वहीच्या पानाचा फोटो काढा, त्यावर त्यांची तारखेनिशी सही घ्या, आणि ऑनलाइन पैसे दिले असतील त्या महिन्यांची बँकेची नोंद सोबत लावा.

तर्रीपोहे
ताई, पेशीच्या दिवशी लिहा. आम्ही वाट पाहून राहिलो.